नकाराचे चरित्र

१

संतचरित्रांच्या वाचकाला काही प्रसंग वाचण्यापूर्वीच ठाऊक असतात. चरित्रनायकाच्या जन्माआधी मातेला दृष्टांत होतो, बालपणीच त्याचे मन संसारातून उठते, त्याची निंदा करणारा शेवटी त्याच्या चरणी येतो, आणि एखादा राजा त्याच्यापुढे वैभव ठेवतो तेव्हा तो ते परत पाठवितो. महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ आणि १७७४ साली ‘भक्तलीलामृत’ पूर्ण केला तोवर हे प्रसंग मराठी मनाच्या इतके अंगवळणी पडले होते की, श्रोत्याला त्यांत आश्चर्य वाटण्याऐवजी ओळखीचा आनंद वाटावा. संकेत म्हणजे हाच. त्याच्या ठिकाणी वाचकाची शंका थांबते आणि श्रद्धा सुरू होते.

या संकेतांपैकी एकाकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. चालून आलेले अधिकारपद नाकारणे, हा तो संकेत. द्रव्याचा नकार समजायला सोपा असतो. ज्याला द्रव्य नको, तो ते परत करतो आणि प्रश्न मिटतो. अधिकारपदाचे तसे नाही. पद नाकारले तर ते कोणीतरी दुसरा घेतो, आणि तो दुसरा नालायक असला तर त्याच्या नालायकीत नाकारणाऱ्याचाही वाटा राहतो. पद स्वीकारले तर आधीच्या नकाराला अर्थ काय उरला, असे लोक विचारतात. मग चरित्रकाराने हा नकार खरा म्हणून लिहावा कसा, आणि वाचकाने तो खरा म्हणून वाचावा कसा? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे.

तो माझ्यापुढे आला एका अनुवादाच्या निमित्ताने. अकराव्या शतकातील बेक येथील बेनेडिक्टपंथीय मठाधिपती आणि पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले अ‍ॅन्सेल्म यांचे, त्यांचा शिष्य ईडमर याने लिहिलेले चरित्र मी मराठीत आणू पाहत होतो. माझे लॅटिन बेताचे, आर. डब्ल्यू. सदर्न यांनी १९६२ साली समोरासमोर मूळ संहिता व इंग्रजी अनुवाद छापून सिद्ध केलेली आवृत्ती हाच माझा आधार. काम सरळ चालले होते. बिशपपदाच्या प्रसंगापाशी मात्र लेखणी अडली. तेथे मराठीतला कोणताही शब्द ठेवला, तरी तो माणूस आपल्या एखाद्या संतासारखा दिसू लागे. आणि तो तसा नव्हता, हे दर पानागणिक जाणवत होते.

२

प्रसंग असा आहे. १०८९ साली आर्चबिशप लॅनफ्रँक यांचे निधन झाले. राजा विल्यम रूफस याने ते पद रिकामेच ठेवले, कारण पद रिकामे असेपर्यंत त्या पीठाचे उत्पन्न राजाच्या तिजोरीत पडत असे. चार वर्षे असा कारभार चालला. अ‍ॅन्सेल्म हे लॅनफ्रँकचेच शिष्य. १०६० मध्ये ते बेकच्या मठात दाखल झाले, तीन वर्षांनी प्रायर झाले आणि १०७८ मध्ये मठाधिपती. १०९२ साली त्यांना इंग्लंडात बोलावणे आले तेव्हा जाण्यास ते धजेनात. आपण त्या रिकाम्या पदासाठीच आलो असे लोक म्हणतील, ही त्यांची भीती. शेवटी गेले. पुढल्या वर्षी राजा ग्लॉस्टर येथे आजारी पडला. मृत्यू समोर दिसताच त्याला आपल्या पापांची आठवण झाली आणि ६ मार्च १०९३ रोजी त्याने अ‍ॅन्सेल्मचे नाव उच्चारले.

यानंतरचे वर्णन ईडमरने ज्या तपशिलाने केले आहे, त्याला तोड नाही. बिशपांनी अ‍ॅन्सेल्मला ओढत राजाच्या शय्येपाशी नेले. राजाने धर्मदंड पुढे केला. अ‍ॅन्सेल्मने मूठ आवळून धरली. बिशप त्याची बोटे उलगडू लागले. एक बोट सुटले की ते पुन्हा मिटे. शेवटी मिटलेल्या मुठीवरच दंड टेकवून तो तेथे दाबून धरण्यात आला आणि त्याच अवस्थेत जयघोष करीत त्याला चर्चमध्ये नेले. पुढे त्याने बिशपांना आपली व्यथा सांगितली ती एका कृषिवलाच्या दृष्टांताने: इंग्लंडच्या धर्मक्षेत्राचा नांगर ओढायला दोन बैल हवेत, राजा आणि आर्चबिशप, तुम्ही एका मस्तवाल खोंडाच्या जोडीला एक म्हातारे मेंढरू जुंपीत आहात, खोंड त्याला काट्याकुट्यांतून फरफटवील आणि ना त्याची लोकर उरेल, ना दूध.

आता शंका घ्यायची ती येथे. पद नाकारण्याचा संकेत ख्रिस्ती चरित्रवाङ्मयात अ‍ॅन्सेल्मच्या आधी कित्येक शतके रुळलेला होता. चौथ्या शतकात तूरच्या मार्टिनला मठातून बाहेर काढण्यासाठी युक्ती करावी लागली, असे त्याचे चरित्र सांगते. मिलानच्या अ‍ॅम्ब्रोजने पळून जाण्याचा प्रयत्न केला, असे त्याचे. इतकेच नव्हे, तर सहाव्या शतकाच्या अखेरीस थोरल्या ग्रेगरी पोपांनी मेंढपाळधर्मावरील आपल्या ग्रंथात या नकाराची मर्यादाही आखून दिली: नम्रतेने नाकारावे, पण ईश्वराची इच्छा स्पष्ट झाल्यावरही नाकारीत राहणे ही नम्रता नव्हे, हट्ट आहे. म्हणजे नकार कसा द्यावा आणि केव्हा सोडावा, याचे शास्त्रच तयार होते. ईडमरने त्या शास्त्राबरहुकूम एक देखणे चित्र रंगविले, असे म्हणायला मग अडचण कोणती?

माझ्या मते अडचणी तीन आहेत. पहिली रचनेची. ईडमरने अ‍ॅन्सेल्मविषयी दोन ग्रंथ लिहिले, एक सार्वजनिक घडामोडींचा इतिहास आणि दुसरे खाजगी चरित्र. ग्लॉस्टरचा हा प्रसंग तपशिलाने येतो तो इतिहासात. चरित्रात त्याचा उल्लेख थोडक्यात आटोपून वाचकाला दुसऱ्या ग्रंथाकडे पाठविले आहे. ज्याला नायकाची नम्रता मिरवायची असेल, तो असा प्रसंग संतचरित्राच्या गाभाऱ्यात बसवील. साक्षीदार हयात असलेल्या इतिहासाच्या चव्हाट्यावर नेणार नाही. दुसरी अडचण पुराव्याची. बेकच्या मठातील काही मंडळींना आपल्या मठाधिपतीचा हा नकार खरा वाटला नाही. त्याला पदाचा लोभ होता, ही कुजबुज त्याच्या कानी गेली आणि त्याने पत्रांतून पुन्हा पुन्हा तिचे निवारण केले. ती पत्रे उपलब्ध आहेत. केवळ संकेत पाळणाऱ्याला एवढी पत्रे लिहावी लागत नाहीत. संकेतावर शंका घेणारे सोबती ज्याला होते, त्याला लिहावी लागतात.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची, आणि ती पुढल्या सोळा वर्षांच्या आयुष्याची आहे. पद गळ्यात पडल्यावर अ‍ॅन्सेल्मने ते सैल हातांनी धरले नाही. बरा झालेला राजा पश्चात्ताप विसरला. अ‍ॅन्सेल्म विसरले नाहीत. १०९७ ते ११०० आणि पुन्हा ११०३ ते ११०६ अशी दोनदा त्यांनी परदेशी वनवास पत्करला, पण पीठाचे हक्क सोडले नाहीत. १०९८ मध्ये इटलीतील एका डोंगरी गावात राहत असता त्यांनी पोप दुसरे अर्बन यांच्याकडे पदातून मुक्तता मागितली. ती मिळाली नाही. त्याच मुक्कामात, ईश्वर मनुष्य का झाला या प्रश्नावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ पुरा झाला. ज्या हाताने दंड घेण्यास नकार दिला, त्याच हाताने तो घट्ट धरला. आणि घट्ट धरलेला असतानाही सोडण्याची परवानगी मागितली. नकाराची कसोटी नकाराच्या क्षणी लागत नाही. ती स्वीकारानंतर लागते.

३

अशी कसोटी आपल्या बाजूला कोठे लागते, हे पाहताना मला तमिळ प्रदेशातील एक चरित्र आठवते. कुंभकोणच्या मध्वपीठाचे अधिपती सुधींद्रतीर्थ यांनी आपल्यामागे पीठ चालविण्यासाठी विद्वान शिष्य वेंकटनाथ यांची निवड केली. वेंकटनाथ हे १५९५ साली भुवनगिरी येथे जन्मलेले, गृहस्थाश्रमी, दारिद्र्याने गांजलेले. घरी तरुण पत्नी आणि लहान मुलगा. त्यांनी नकार दिला. नारायणाचार्यकृत ‘राघवेंद्रविजय’ या संस्कृत काव्यात हा पेच सुटतो तो स्वप्नदृष्टांताने: विद्येची देवता दर्शन देते आणि आपला सांभाळ करणारा दुसरा कोणी नाही असे सांगते. १६२१ साली तंजावर येथे वेंकटनाथ संन्यास घेऊन राघवेंद्रतीर्थ झाले. पुढे अर्धशतक त्यांनी पीठाची धुरा वाहिली आणि १६७१ मध्ये मंत्रालय येथे वृंदावनप्रवेश केला.

दोन्ही चरित्रे शेजारी ठेवली की एक भेद लख्ख दिसतो. अ‍ॅन्सेल्मचा नकार माणसांनी मोडून काढला, राघवेंद्रांचा देवतेने. ईडमर बोटांची ओढाताण सांगतो. काव्यकार स्वप्न सांगतो. स्वप्नाने नायकाचे मन निःशंक होते आणि वाचकाचेही. पण जे प्रश्न नकारातून उभे राहिले होते, ते स्वप्नाने सुटत नाहीत, झाकले जातात. परंपरा सांगते की, पतीच्या संन्यासानंतर पत्नी सरस्वती हिने विहिरीत उडी घेतली. गृहस्थाने पीठ स्वीकारले तर त्याची किंमत कोण देते, या प्रश्नाला लोकस्मृतीने दिलेले हे उत्तर आहे. दिव्यदर्शनाने भरलेल्या कथेत ही विहीर टिकून राहिली, यात मला भाविकांच्या स्मृतीचा प्रामाणिकपणा दिसतो. विजयकाव्याची चौकट जे तोलू शकत नव्हती, ते कथेने तोलून धरले.

येथे कोणी म्हणेल की, स्वप्न हा पौर्वात्य भाबडेपणा आणि मूठ हा पाश्चात्य वास्तववाद. ही विभागणी मला मान्य नाही. ईडमरच्या ग्रंथातही चमत्कारांना तोटा नाही. उलट, तेराव्या शतकातच म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा गोळा करताना ज्याने जे पाहिले त्याला ते विचारून टिपून घेतले, आणि पाठभेदही राखले. वास्तवाची चाड ही एका खंडाची मिरास नव्हे. भेद आहे तो लेखकाने स्वतःवर घातलेल्या बंधनाचा: पाहिलेलेच सांगेन, हे बंधन एकाने घातले, गौरवच सांगेन, हे दुसऱ्याने.

४

तिसरे चरित्र गोव्याचे, आणि माझ्या राहत्या ठिकाणाशी त्याचा एक दूरचा धागा जुळतो. मी गुम्मिडिपूंडीत राहतो. येथून जवळच पळवेर्काड, म्हणजे जुने पुलिकत. १६१३ साली डचांनी तेथे गेल्द्रिया किल्ला बांधला; त्यांच्या थडग्यांवरची कोरीव अक्षरे अजून वाचता येतात. हीच डच कंपनी १६५८ पर्यंत सिंहलद्वीपाच्या किनाऱ्याची धनीण झाली आणि तिने तेथील कॅथलिक धर्मोपदेशकांना बंदी केली. त्या बंदी असलेल्या बेटावर १६८७ साली भिकाऱ्याच्या वेषात जो गोमंतकीय पाद्री उतरला, तो जुझे वाझ.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे झाला, घराणे सांकवाळचे. १६८५ मध्ये ते जुन्या गोव्यातील एतद्देशीय पाद्र्यांच्या ओरेटरी संघात दाखल झाले आणि लवकरच त्याचे प्रमुख निवडले गेले. ते पद सोडून ते सिंहलद्वीपाकडे निघाले. कँडीच्या राज्यात हेर समजून त्यांना कैद झाली. पुढे त्याच राज्यात देवीच्या साथीत त्यांनी रोग्यांची सेवा केली. कोचीनच्या बिशपांनी त्यांना बेटावरील आपले व्हिकार जनरल नेमले, ते काम त्यांनी पत्करले. मात्र बिशपपद देऊ केले गेले तेव्हा त्यांनी ते नाकारले आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत साधे मिशनरी म्हणूनच देह ठेवला. २०१५ साली कोलंबो येथे त्यांची संत म्हणून घोषणा झाली. त्यांचे मूळ चरित्र लिहिले ते त्याच ओरेटरी संघाचे नेवऱ्याचे पाद्री सेबास्तियाँव दो रेगो यांनी. ते १७४५ साली लिस्बनला छापले गेले.

तेव्हापासून चालत आलेल्या कथनपरंपरेत हा नकार नम्रतेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. नम्रता होती, यात शंका नाही. पण नम्रता हा शब्द येथे फार लवकर येतो आणि आल्यावर बाकीचे सारे बोलणे बंद पाडतो. त्या काळी पूर्वेकडील बिशप नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा, हे पाद्रोआदोचे तत्त्व. आणि रोमची धर्मप्रसार संस्था आपले स्वतंत्र प्रतिनिधी नेमू पाहत होती. दिवाडीचे मातेउस दे कास्त्रो यांनी १६३७ साली रोममध्ये बिशपपद स्वीकारले. गोव्यातील पोर्तुगीज धर्मसत्तेने त्यांना कधी मानले नाही, आणि त्यांचे उरलेले आयुष्य त्या कलहात गेले. हा इतिहास गोव्यातील एकाही एतद्देशीय पाद्र्याला अज्ञात नसणार. म्हणून वाझ यांच्यापुढचे बिशपपद हा केवळ मान नव्हता. त्यात त्यांचा संघ, त्यांचे सहकारी आणि लपतछपत चाललेले सारे कार्य पणाला लागणार होते.

आता एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. अ‍ॅन्सेल्मने नकार दिला तेव्हा त्याला पद देण्यास सारे उत्सुक होते. वाझ यांनी नकार दिला तेव्हा एतद्देशीय माणूस बिशप झाला नाही याचे समाधान मानणारेही पुष्कळ असणार. एकाच्या नकाराने सत्तेची गैरसोय झाली. दुसऱ्याच्या नकाराने सोय. अशा वेळी नम्रतेचा गौरव कोणाच्या हिताचा, हे चरित्रसमीक्षेने विचारले नाही तर ती आपल्या कामाला चुकली. हे विचारल्याने वाझ लहान होत नाहीत. त्यांनी व्हिकार जनरलचे काम घेतले, हे ध्यानात ठेवावे. कष्टाचे पद त्यांनी टाळले नाही, कलहाचे टाळले. हा नकार नुसत्या विरक्ताचा नसून, आपल्या माणसांचे बळ ओळखून असलेल्या पुढाऱ्याचाही आहे, असे मी वाचतो. तसा वाचला तर तो अधिक मानवी आणि म्हणून अधिक थोर वाटतो.

५

आता अनुवादाच्या अडचणीकडे परत येतो. अ‍ॅन्सेल्मच्या नकारासाठी माझ्यापुढे पहिला शब्द आला तो ‘वैराग्य’. तो मी खोडला. ‘निःस्पृहता’ लिहिला, तोही खोडला. या शब्दांत माणूस स्वतंत्र असतो: त्याला नको असते, म्हणून तो घेत नाही. अ‍ॅन्सेल्मला हे स्वातंत्र्य नव्हते आणि ते त्याला हवेही नव्हते. बेनेडिक्टच्या नियमानुसार मठवासी आपली इच्छा मठाधिपतीच्या हाती देतो. त्यामुळे पद हवे म्हणणे हा जसा स्वेच्छाचार, तसाच नको म्हणणे हाही. बेकचे बंधू, रुआँचे आर्चबिशप आणि नॉर्मंडीचे ड्यूक यांनी मोकळे केल्यावाचून आपल्याला हलता येत नाही, असे त्याने सांगितले ते सबब म्हणून सांगितले नाही. स्वतःच्या ‘नाही’वरही आपला हक्क नाही, ही जाणीव त्याच्या दुःखाच्या मुळाशी आहे.

आपल्याकडे यास जवळचा शब्द ‘गुर्वाज्ञा’. पण गुर्वाज्ञेत प्रसाद असतो. शिष्य ती मस्तकी धरतो आणि मोकळा होतो. येथे मोकळीक नाही. शेवटी मी कोणताही गुणवाचक शब्द न वापरता केवळ क्रिया ठेवल्या: ओढले, मूठ मिटली, बोटे उलगडली, दंड दाबून धरला. गुणाचे नाव वाचकाने आपल्या मनाशी ठेवावे किंवा ठेवू नये. नाव ठेवले की संकेत पुरा होतो आणि माणूस हरवतो, हा धडा मी ईडमरकडून घेतला.

त्या ईडमरची एक गोष्ट सांगून आटोपतो. आपला शिष्य काहीतरी लिहीत आहे हे अ‍ॅन्सेल्मच्या ध्यानी आले. प्रथम त्याने ते पाहून काही दुरुस्त्याही सुचविल्या. थोड्याच दिवसांत त्याचे मन बदलले. आपल्याविषयी पुढल्या पिढ्यांनी वाचावे अशी आपली योग्यता नाही, सबब ती पाने नष्ट कर, अशी त्याने आज्ञा केली. ईडमरने आज्ञा पाळली: आधी साऱ्याची दुसरी प्रत केली आणि मग मूळ पाने नष्ट केली. अक्षराने आज्ञापालन झाले, अर्थाने झाले नाही, हे तो स्वतःच कबूल करतो आणि वाचकांकडे प्रार्थना मागतो. तेव्हापासून त्याने जवळून टिपून घेणे सोडले. चरित्राचा उत्तरार्ध त्यामुळे विरळ झाला, हे सदर्न यांनी दाखवून दिले आहे.

इंद्रायणीतून वर आलेल्या वह्यांची कथा ज्या भाषेत घरोघर सांगितली जाते, त्या भाषेच्या वाचकाला ही गोष्ट ऐकून प्रथम हसू येईल. आपल्याकडे बुडविलेले देव तारतो. तेथे नक्कल करणाऱ्याने तारले. पण हसू ओसरल्यावर ध्यानात येते ते हे की, गुरूने पद नाकारले आणि चरित्रही नाकारले, आणि दोन्ही वेळा त्याचा नकार मोडून काढण्यात आला. पहिल्या वेळी बिशपांनी, दुसऱ्या वेळी शिष्याने. ईडमर स्वतःस बिशपांच्या रांगेत उभा करतो. पुढे ११२० मध्ये तो स्वतःच स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजचा बिशप निवडला गेला आणि अभिषेकाचा वाद न मिटल्याने ते पद सोडून कँटरबरीला परतला.

चरित्र लिहिणारा आपल्या नायकाच्या इच्छेविरुद्धच लिहीत असतो, आणि अनुवाद करणारा त्या अपराधात एका भाषेची भर घालतो. मग उपाय एकच उरतो. ज्या मुठीवर आपण दंड दाबून धरीत आहोत, ती मिटलेली होती हे लपवू नये.